ख्रिस्तपुराणांतील श्रोता

मराठी धर्मवाङ्मयाचा एक विशेष असा आहे कीं, त्यांत वक्ता सहसा एकटा नसतो. पुराणिकापुढें श्रोते बसलेले असतात. ते शंका घेतात, आणि शंकेवांचून कथा पुढें सरकत नाहीं. आमच्या वऱ्हाडांत, ऋद्धिपुराच्या आश्रयानें, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ सिद्ध झाला. तो लीळाचरित्र ग्रंथ म्हणजे तरी काय? एका पुरुषाभोंवतीं जमलेल्या माणसांनीं काय विचारिलें आणि त्यांस काय उत्तर मिळालें, यांची ती नोंद होय. महदाइसेचें नांव आपण धवळ्यांकरितां घेतों. परंतु महानुभावांच्या स्मरणांत ती राहिली ती धवळ्यांइतकीच आपल्या अखंड प्रश्नांमुळें.

या चर्चेचे आमच्या न्यायशास्त्रकारांनीं तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्याच्या इच्छेनें दोघांनीं केलेली चर्चा तो वाद. जिंकण्याच्या इच्छेनें केलेली तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचें खंडन करीत सुटणें ही वितंडा. व्यवहारांत आपण वाद हा शब्द भांडणास लाविला आणि त्याचा मूळचा उदार अर्थ गमावून बसलों. आमच्या वाशीम जिल्ह्यांत शिरपूर येथें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें मंदिर आहे. एकाच तीर्थंकराची भक्ति करणाऱ्या दोन पंथांच्या तंट्यामुळें तेथील मूर्ति १९८१ पासून चार दशकांहून अधिक काळ कुलुपांत होती. २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें तें कुलूप निघालें. ज्या भागांत असें घडलें तेथें राहणाऱ्या माणसास वाद आणि जल्प यांतील अंतर ग्रंथांतून शिकावें लागत नाहीं.

हे तीन शब्द हाताशीं घेऊन मराठींतील ख्रिस्ती वाङ्मयाकडे पाहावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ईश्वर एक आहे व त्यानें सृष्टि निर्मिली, मनुष्य पापांत पडला, ईश्वर मनुष्य झाला, वधस्तंभावर मेला, पुन्हां उठला, आणि त्याच्या ठायीं मनुष्यास क्षमा आहे, हीं ख्रिस्ती धर्माचीं मूलतत्त्वें चारशें वर्षें मराठींत मांडिलीं जात आहेत. मांडणाऱ्यांनीं बहुधा संभाषणाचें रूप पत्करिलें. परंतु त्या संभाषणांत समोरच्या माणसास किती जागा होती, त्यास काय विचारतां येत होतें आणि ‘मला हें पटत नाहीं’ असें म्हणून तो सुखरूप घरीं जाऊं शकत होता कीं नाहीं, हे प्रश्न आमच्या टीकाकारांनीं फारसे विचारलेले दिसत नाहींत. मीहि विचारले नव्हते. ते कसे सुचले तें आधीं सांगितलें पाहिजे.

वाशीम येथें आम्ही कांहीं स्नेही पावसाळ्याच्या दिवसांत आठवड्यांतून एकदां एकत्र बसून एखादा जुना ग्रंथ वाचतों. मंडळी मोठी नाहीं : दोन-तीन शिक्षक, एक निवृत्त पोस्टमास्तर, जवळच्या खेड्यांतून येणारे एक वारकरी शेतकरी, आणि एक ख्रिस्ती शिक्षक, ज्यांना आम्ही सारे गुरुजी म्हणतों. गतवर्षीं मीं ख्रिस्तपुराण सुचविलें. तीस वर्षें मीं विद्यार्थ्यांस या ग्रंथाविषयीं सांगत आलों आहें. म्हणून पहिल्या दिवशीं मीच बोललों. भाषेची थोरवी गाणाऱ्या त्या प्रसिद्ध ओव्या, परकी माणसाची मराठीवरील माया, ओवीची घडण, ज्ञानेश्वर-एकनाथांचे संस्कार, हें सर्व मीं नेहमींच्या पद्धतीनें सांगितलें. मंडळी प्रसन्न झाली. गुरुजी मात्र शांत होते. उठतांना ते म्हणाले, “सर, या ग्रंथांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. त्यांतल्या आपली स्तुति करणाऱ्या चार-दोन ओव्या तुम्ही घेतां आणि बाकीच्या आमच्याकडे ठेवून देतां. त्यांत जें सांगितलें आहे तें खरें कीं खोटें, हें तुम्ही कधीं विचारलेंत काय? आम्हांला शिवी दिली तर आम्ही उत्तर देऊं. पण ही अशी स्तुति आली कीं बोलायला जागाच राहत नाहीं.”

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें मला लागलें. धर्मग्रंथाचें केवळ काव्य म्हणून कौतुक करणें ही सहिष्णुता आहे असें मीं समजत आलों होतों. ती एक सभ्य टाळाटाळहि असूं शकते हें त्या दिवशीं ध्यानांत आलें. मग मीं तो ग्रंथ पुन्हां आरंभापासून वाचावयास घेतला, या वेळीं त्यांतील श्रोत्याच्या बाजूस बसून.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांत जन्मलेला जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास पोहोंचला आणि १६१९ मध्यें मरेपर्यंत याच भूमींत राहिला. आयुष्याचा बहुतेक भाग त्यानें साष्टी प्रांतांत घालविला. त्याचें पुराण १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें; १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां निघालें. या तिन्ही आवृत्तींची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांवरून जोसेफ सल्ढाना यांनीं १९०७ मध्यें मंगळूरास ग्रंथ पुन्हां रोमन लिपींतच छापला. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं तो देवनागरींत आणिला, आणि १९९६ मध्यें कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ति निघाली. म्हणजे मराठी वाचकाच्या हातीं त्याच्या लिपींत हें पुराण पोहोंचावयास तीनशें चाळीस वर्षें लागलीं. पहिला भाग विश्वोत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा सांगतो, दुसरा ख्रिस्तचरित्र; दोहोंचे मिळून पंचाण्णव अवस्वरु आहेत.

ग्रंथाची उठावणी फार अर्थपूर्ण आहे. साष्टींत नवख्रिस्ती लोकांस धर्माचे मूलपाठ शिकविले जात आहेत. तेथें एक ब्राह्मण श्रोता पाद्रीगुरूस म्हणतो कीं, ही शिकवण उत्तम आहे. परंतु पूर्वींचीं पुराणें तुम्हीं आम्हांस मना केलीं, तर त्यांच्या ठिकाणीं दुसरीं पुराणें आमच्याकरितां कां करीत नाहीं? या मागणींतून पुढील सगळा ग्रंथ जन्मास येतो. मध्यें मध्यें श्रोते शंका विचारतात आणि गुरु उत्तर देतो.

आतां हा प्रश्न नीट ऐकावा. त्यांत विनय आहे, आणि विनयाच्या आड एक तक्रार आहे. पाठ करावयाची प्रश्नोत्तरी मनुष्याच्या बुद्धीस पुरेल, पण संध्याकाळ भरून काढावयास ती पुरत नाहीं. ज्या माणसाच्या घरीं पिढ्यान् पिढ्या कथा ऐकिली गेली, त्याच्या हातीं सूत्रें देऊन कथा काढून घेतली तर त्याचें घर रितें होतें. स्टीफन्सनें तो रितेपणा ओळखिला. त्यानें स्वतः कोंकणींत गुरु-शिष्य संवादरूप प्रश्नोत्तरीहि लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्यें छापली गेली. परंतु प्रश्नोत्तरींतला शिष्य पाठ म्हणतो आणि पुराणांतला श्रोता कांहीं मागतो, हा भेद त्या लेखकानें जाणला, आणि मागणाऱ्यास मोठा ग्रंथ दिला. कवीचें मोठेपण मला आतां भाषास्तुतीपेक्षां येथें अधिक दिसतें.

परंतु येथेंच टीकाकारानें थांबतां कामा नये. हा श्रोता कोठें बसला आहे? साष्टींतील देवालयें १५६७ मध्यें पाडलीं गेलीं होतीं. १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं पांच जेझुइटांस ठार मारिलें आणि त्याचा सूड राज्यसत्तेनें गांवच्या पुढाऱ्यांवर उगविला. या साऱ्याची आंच ज्या भूमींत निवाली नव्हती तेथें हा संवाद घडत आहे. ‘तुम्हीं मना केलीं’ हे शब्द कवीनें श्रोत्याच्या तोंडीं राहूं दिले, यांत त्याचा प्रामाणिकपणा आहे. पण ती मनाई उठवा, असें श्रोता म्हणूं शकत नाहीं. तो अनेक गोष्टी विचारूं शकतो; उठून जाऊं मात्र शकत नाहीं. म्हणून ख्रिस्तपुराणांतील चर्चा रूपानें वाद असली तरी ती अपुरा वाद आहे.

तरीहि शब्दांच्या पातळीवर या ग्रंथांत एक खरी देवघेव चालते. स्टीफन्स वैकुंठ म्हणतो, मुक्ति म्हणतो. वैकुंठ हा शब्द उच्चारतांच श्रोत्याच्या मनांत शेषशायी विष्णु उभा राहणार, हें त्यास ठाऊक नव्हतें असें मानणें कठीण आहे. जुन्या भांड्यांत नवें पाणी भरतांना भांड्याचा वास पाण्यास लागतो; तो धोका त्यानें पत्करिला. पुढें एकोणिसाव्या शतकांतील प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनीं स्वर्ग, तारण असे शब्द रूढ केले. ते अधिक सुरक्षित खरे. परंतु तारण म्हणतांच आमच्या शेतकऱ्यास आज बँकेंत ठेविलेली जमीन आठवते, हें कोणी ध्यानांत घेतलें नाहीं. परधर्माचें मूलतत्त्व मराठींत सांगावयाचें तर शब्द मराठी माणसाकडूनच घ्यावा लागतो, आणि शब्द घेतला कीं त्याबरोबर त्याचा प्रश्नहि घ्यावा लागतो. ख्रिस्तपुराणांत श्रोता गप्प असतो तेव्हांहि त्याचे शब्द बोलत असतात.

या ग्रंथाशेजारीं त्याच परंपरेंतील दुसरा ग्रंथ ठेविला म्हणजे अंतर स्पष्ट होतें. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानें १६२९ मध्यें सेंट पीटरच्या चरित्रावर ओवीबद्ध मराठी पुराण प्रसिद्ध केलें. पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या मुख्य भ्रमांचें खंडन करणें हा हेतु त्याच्या पोर्तुगीज शीर्षकांतच सांगितला आहे. स्टीफन्सहि मूर्तिपूजेचा निषेध करितो. पण त्याचें सारें बळ कथा सांगण्यावर खर्च होतें, आणि निषेध वाटेंत येतो. क्रुआच्या ग्रंथांत खंडनाचा सोस मोठा आहे. ज्याची चूक दाखविण्याकरितां पुस्तक लिहिलें तो मनुष्य त्या पुस्तकाचा श्रोता होत नाहीं. तो आरोपी होतो.

एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत चित्र पालटलें. इंग्रजी अमलांत मिशनऱ्याच्या हातीं शाळा होती, छापखाना होता, राज्यकर्त्यांच्या धर्माची प्रतिष्ठाहि होती; परंतु गोव्यांतील मनाई नव्हती. समोरचा मनुष्य आतां उठून जाऊं शकत होता, आणि उठून उलट उत्तरहि देऊं शकत होता. १८२९ मध्यें मुंबईस आलेल्या जॉन विल्सन यांनीं शास्त्रीपंडितांशीं जाहीर चर्चा आरंभिल्या. मोरभट दांडेकर यांनीं १८३१ मध्यें ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली. विल्सन यांनीं पुढील वर्षीं तिचें खंडन छापिलें. मग जानेवारी १८५७ पासून मे महिन्याच्या अखेरपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचा तो विख्यात सामना चालला. ख्रिस्ती बाजूनें जॉर्ज बोवेन यांनीं त्याचें इंग्रजी वृत्त त्याच वर्षीं प्रसिद्ध केलें. विष्णुबुवांच्या बाजूचा ‘समुद्रकिनारीं वादविवाद’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १८७२ मध्यें निघाला.

हे ग्रंथ वाचणें मोठें उद्बोधक आहे आणि थोडें कष्टाचेंहि आहे. दोन्ही पक्षांस बुद्धि होती, अभ्यास होता, आणि आपापल्या धर्मावर खरें प्रेम होतें. बोवेन हा तर पैसाअडका झुगारून बैराग्यासारखा राहणारा पुरुष. विष्णुबुवाहि तसेच निःसंग. समोरासमोर दोन विरक्त माणसें उभीं असतां, ईश्वराकरितां संसार सोडणें म्हणजे काय, या एका प्रश्नावर त्यांचें केवढें संभाषण होऊं शकलें असतें! परंतु गर्दीपुढें उभा असलेला मनुष्य प्रतिपक्षाच्या दुबळ्या जागा शोधतो. एकानें पुराणांतील देवांच्या कथा काढाव्या, दुसऱ्यानें बायबलांतील विसंगति दाखवावी, आणि मूळ प्रश्न वाळूंत राहून जावा, असें वारंवार होतें. न्यायशास्त्राच्या भाषेंत हा जल्प झाला. तथापि या जल्पाचें एक ऋण मान्य केलें पाहिजे. साष्टींतील श्रोत्यास जो हक्क नव्हता तो येथें त्यानें मिळविला : तो ‘नाहीं’ म्हणाला, आणि तें ‘नाहीं’ मराठींत छापून निघालें. ज्याला नकार देण्याची सोय नाहीं त्याच्या होकारास किंमत येत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे विष्णुबुवांनीं मराठी ख्रिस्ती वाङ्मयावरहि उपकारच केले असें म्हणावें लागेल.

खरा वाद कसा असतो हें पाहावयाचें असेल तर पंडिता रमाबाईंच्या पत्रांकडे वळावें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. सामान्य समजूत अशी कीं, बाप्तिस्म्यानें प्रश्न संपतात. रमाबाईंचे प्रश्न तेथें वाढले. सिस्टर जेरल्डीन आणि चेल्टनहॅम येथील डोरोथिया बील यांच्याशीं झालेल्या पत्रव्यवहारांत त्या त्र्यैक्य, ख्रिस्ताचें देवत्व, धर्मगुरूंचा अधिकार या मुळाच्याच गोष्टींवर शंका उपस्थित करितात. भारतांतील पुरोहितांच्या जोखडांतून जी मान सोडवून घेतली ती दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडाखालीं देणार नाहीं, हा त्यांचा आग्रह आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरें हवींत कशाला, संस्कृत कां नकोत, असेंहि त्या विचारितात. समोरच्या स्त्रिया वडीलकीनें रागावतात, दुखावतात, समजावितात. पण उत्तर देणें सोडीत नाहींत. येथें श्रोता धर्माच्या आंत आहे आणि तरी प्रश्न विचारीत आहे. उत्तर देणाराहि अस्वस्थ होत आहे. आमची खंत एवढीच कीं, हा पत्रव्यवहार इंग्रजींत झाला आणि १९७७ मध्यें ग्रंथरूपानें निघाला तोहि इंग्रजींतच. मराठीचें एक उत्कृष्ट वादवाङ्मय परक्या भाषेंत लिहिलें गेलें.

रमाबाईंच्या पुढची पायरी लक्ष्मीबाई टिळकांची. १८९३ मध्यें नागपूरहून राजनांदगांवास जातांना नारायण वामन टिळकांस आगगाडींत एका अनोळखी युरोपियनानें नवा करार दिला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. फेब्रुवारी १८९५ मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं तो घेतला १९०० मध्यें. मधलीं पांच वर्षें कशीं गेलीं तें ‘स्मृतिचित्रां’त वाचावें. तेथें सिद्धान्ताची चर्चा जवळजवळ नाहींच. विरह आहे, सोंवळेंओंवळें आहे, पाण्याचा तांब्या कोणाच्या हातचा हा प्रश्न आहे. टिळकांसारखा वक्ता घरांत असतां त्यानें वादानें पत्नीस जिंकिलें नाहीं, आणि जिंकण्याचा प्रयत्न केला असता तर ती जिंकली गेलीहि नसती. तिनें आपल्या वेळेनें विचार केला. पुढें १९१७ मध्यें टिळकांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला तेव्हां बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत बसावे अशी त्यांची इच्छा होती. तीन शतकांपूर्वीं साष्टींत जें शक्य नव्हतें तें त्यांना घडवावयाचें होतें : दार उघडें ठेवून ख्रिस्ताविषयीं बोलणें.

हा सारा प्रवास मनांत ठेवून आम्ही वाशीमच्या बैठकींत पुन्हां बसलों. या वेळीं मीं व्याख्यान दिलें नाहीं. गुरुजींनीं ख्रिस्तपुराणांतील एक प्रसंग वाचावा, आणि ज्याला जें विचारावयाचें तें त्यानें विचारावें, असें ठरलें. पहिल्या दोन बैठका अवघडल्यासारख्या गेल्या. आम्ही फार सौजन्यानें बोलत होतों. तिसऱ्या वेळीं क्षमेचा विषय निघाला, आणि वारकरी बोवांनीं गुरुजींस आपल्या वऱ्हाडींत विचारलें, “गुरुजी, देवानं माफ केलं म्हनता, मंग ज्याचं नुसकान झालं त्यानं काय करावं? त्याले कोनी इचारलं काय?”

अकरा हजार ओव्यांच्या साहित्यगुणांवर मीं तीस वर्षें बोललों, पण या प्रश्नाच्या जवळपासहि गेलों नव्हतों. कर्मसिद्धान्ताच्या छायेंत वाढलेल्या माणसास ख्रिस्ती क्षमा अन्याय्य वाटते. ज्याचें त्यानें फेडावें हा त्याच्या न्यायबुद्धीचा पाया आहे. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले कीं, क्षमा म्हणजे कर्ज बुडविणें असें आम्ही मानीत नाहीं. ज्याचें देणें होतें त्यानेंच तें स्वतःच्या अंगावर घेतलें, क्रुसाचा अर्थ आम्ही एवढाच समजतों. बोवा म्हणाले, “म्हंजे सावकारानंच पैसे भरले. पन शेजाऱ्याचं बांध कोरलेलं वावर त्यानं वापस भेटते काय?” यावर गुरुजींनीं जें सांगितलें तें मला कोठल्याहि भाष्यांत आढळलें नव्हतें. ते म्हणाले, “नाहीं भेटत. तें मलाच परत करावें लागतें. तेवढ्यासाठीं मीं क्षमेवर विसंबलों तर मीं ख्रिस्ती नव्हे, लबाड आहें.”

बोवांचें समाधान झालें असें मला वाटत नाहीं. अवताराच्या प्रश्नावरहि तसेंच झालें. ईश्वर युगायुगांतून पुन्हां पुन्हां येतो असें मानणाऱ्यास तो एकदांच आला हें उणें वाटतें. गुरुजींस त्या एकदांच येण्यांतच सर्व कांहीं सांठविलेलें दिसतें. पोस्टमास्तरांनीं पुनरुत्थान ही घटना समजावी कीं रूपक, असें सरळ विचारलें; गुरुजींनीं तितकेंच सरळ सांगितलें कीं, त्यांच्या दृष्टीनें ती घटना आहे, आणि रूपक असेल तर त्यांना तिचा कांहींएक उपयोग नाहीं. कोणाचें मत बदललें नाहीं. बैठकीस येणारा एकहि मनुष्य कमी झाला नाहीं, ही गोष्ट मात्र मला नोंदण्यासारखी वाटते. आजकाल दुसऱ्याच्या धर्माविषयीं प्रश्न विचारणाऱ्याकडे एक जण संशयानें पाहतो, याला आपला धर्म सोडावयाचा आहे काय. आणि दुसरा जण तितक्याच संशयानें, याला आमचा अपमान करावयाचा आहे काय. या दोन संशयांच्या मध्यें जी अरुंद जागा उरते तिचेंच नांव वाद, आणि ती माणसांनीं बसून राखली तरच राहते.

आतां ख्रिस्तपुराणाविषयीं माझें मत सांगून लेख संपवितों. हा ग्रंथ मराठीचा अलंकार आहे हें म्हणणें खरें असलें तरी अपुरें आहे. तो एका श्रोत्याच्या मागणीस दिलेलें उत्तर आहे. त्या उत्तराचें मोल ठरविण्याकरितां श्रोत्यानें आपला राहिलेला प्रश्न विचारला पाहिजे. साष्टींतील त्या ब्राह्मणास तो विचारतां आला नाहीं. तो हक्क विष्णुबुवांनीं गर्दीपुढें, रमाबाईंनीं पत्रांतून, लक्ष्मीबाईंनीं आपल्या संसारांत बजाविला. आतां तो आमच्याकडे आला आहे. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकांनीं आपुलकीनें स्वीकारलें आणि ते २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे ऐकण्याची तयारी आपल्यांत नाहीं असें नाहीं. केवळ ऐकून मान डोलावणें पुरेसें नाहीं, इतकेंच माझें म्हणणें आहे. ज्याला आपण खरोखर मान देतों त्याला आपण प्रश्न विचारतों, आणि त्याच्या उत्तरासाठीं थांबतों.

यंदाच्या पावसाळ्यांत आम्ही दुसऱ्या पुराणाचा उत्तरार्ध घेणार आहोंत. बोवांनीं आतांच सांगून ठेविलें आहे कीं, त्या शेजाऱ्याच्या वावराचा प्रश्न अजून मिटलेला नाहीं.